खुलासा : आईला अल्झायमर म्हणजे मुलांनाही होणारच, हे खरे नाही

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे : आईला किंवा वडिलांना अल्झायमर (स्मरणशक्ती हळूहळू घालवणारा मेंदूचा आजार) असेल तर मुलांना होणारच, लाळेची जनुक-चाचणी लगेच करा. हा दावा चुकीचा आहे.

या चाचणीत बहुधा एपीओई हे जनुक पाहतात. ते १९व्या गुणसूत्रावर असते. ई-२, ई-३, ई-४ हे त्याचे मुख्य प्रकार. प्रत्येकात या जनुकाच्या दोन प्रती असतात : एक आईकडून येते, एक वडिलांकडून. ई-४ची एक प्रत असल्यास धोका साधारण ३ पट, दोन असल्यास ८ ते १२ पट वाढतो. हे आकडे प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत, आपल्याला जसेच्या तसे लावू नयेत. शिवाय ई-४ असूनही अनेकांना आजार होत नाही, नसलेल्यांना होतो. म्हणून ही चाचणी म्हणजे आजाराचे निदान नव्हे.

थेट वारशाने येणारा प्रकार वेगळा : एपीपी, पीएसईएन-१ किंवा पीएसईएन-२ या जनुकांतला दोष. तो अंदाजे १ टक्का किंवा त्याहून कमी रुग्णांत आढळतो, बहुधा पासष्टीच्या आत. तिथेही प्रत्येक मुलात दोष उतरण्याची शक्यता ५० टक्केच. घरात असे रुग्ण असतील तर आधी जनुकीय समुपदेशन (चाचणीचा अर्थ आणि परिणाम तज्ज्ञाकडून समजून घेणे), मग चाचणी.

आजी-आजोबा विसरू लागले असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा, बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासा. त्यांतल्या बिघाडानेही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत. कृपा करून तो संदेश पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच गटात हा खुलासा टाका.