दुधीचा रस, तीन डॉलरची स्प्रिंग आणि आमचे दाजी

मंगळवारी रात्री ताईने एक फोटो पाठवला. दाजींच्या औषधांचा स्टीलचा डबा, आणि त्यात क्लोपिडोग्रेल-ॲस्पिरिनच्या, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीच्या, दोन पट्ट्या. एकीतल्या दोनच गोळ्या संपलेल्या, दुसरीला हातही लागलेला नाही. त्या पट्ट्या वीस दिवसांपूर्वी मीच दुकानातून दिल्या होत्या. म्हणजे अठरा दिवस दाजींनी गोळी घेतलेली नव्हती. हार्ट अटॅक येऊन त्यांना चारच महिने झालेत आणि हृदयाच्या पुढच्या बाजूला रक्त नेणाऱ्या नळीत ती उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट, आहे.

ताईला फोन लावला. म्हणाली, "अरे, पहाटे साडेपाचला मिक्सर सुरू होतो. दुधीचा रस काढतात. तुमच्याच ग्रुपवर आलं होतं ना ते."

खरंच आमच्याच ग्रुपवर आलं होतं. थोरल्या काकांनी टाकलेलं, खाली हात जोडलेल्यांची रांग. मी तेव्हा वाचलं आणि काकांशी वाद कशाला म्हणून पुढे गेलो. मेडिकल चालवणाऱ्याने असं करायला नको होतं.

ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: अँजिओप्लास्टी, म्हणजे तुंबलेली नळी फुग्याने उघडून आत स्टेंट टाकणं, ही लूट आहे. अमेरिकेतले लोक ती स्वतः करून घेत नाहीत. आत टाकतात ती तीन डॉलरची स्प्रिंग, बिल मात्र तीन लाखांचं. ती थोड्याच दिवसांत दोन्ही टोकांना तुंबते आणि दुसरा अटॅक येतो. तिने आयुष्य वाढत नाही हे परदेशी अभ्यासात सिद्ध झालंय. खरा रोग रक्तातली आम्लता, आणि तीन हजार वर्षांपूर्वी आयुर्वेदाचार्य वाग्भटांनी तो ओळखला होता. उपाय म्हणजे दुधीचा रस, त्यात सात पानं तुळस, सात पानं पुदिना, चिमूटभर सैंधव. दोन-तीन महिन्यांत सगळे ब्लॉक मोकळे, गोळ्या बंद.

मी शेवटच्या दोन शब्दांपासून सुरुवात करतो, कारण जीव त्यांनी जातो.

स्टेंट ही स्प्रिंग नव्हे. ती धातूची, बहुतेक कोबाल्ट-क्रोमियमची, लेझरने जाळीसारखी कापलेली बारीक नळी असते. जाळीच्या काड्या केसाएवढ्या जाड. मिटलेल्या फुग्यावर ती आवळून बसवलेली असते. मनगटातून किंवा जांघेतून तार नेऊन ती अडथळ्यात पोचवतात, फुगा फुगवतात, जाळी उघडून भिंतीला टेकते, फुगा परत येतो, जाळी राहते. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कुणी ऐकत नाही. रक्ताच्या दृष्टीने ही जाळी परकी वस्तू आहे. रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या कणिका, धातू दिसला की त्याला चिकटायला बघतात. रक्तवाहिनीचं आतलं नाजूक अस्तर त्या जाळीवर हळूहळू चढतं, पण त्याला महिने लागतात. आणि आजच्या स्टेंटवर औषधाचा लेप असतो. नळी पुन्हा आतून मांस वाढून अरुंद होऊ नये म्हणून तो असतो, पण त्यामुळे अस्तर चढायलाही उशीर होतो. हे अस्तर चढेपर्यंत मधला काळ सांभाळतात ती दाजींच्या गोळीतली ही दोन औषधं. अटॅकनंतर स्टेंट टाकला असेल तर साधारण वर्षभर दोन्ही, पुढे बहुतेकांना एक कायमचं. कुणाला रक्तस्रावाचा धोका असेल तर डॉक्टर हा काळ कमी करतात, पण ते डॉक्टर करतात, काकांचा मोबाइल नाही.

गोळी मध्येच सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. ती काही वर्षभर साचत येत नाही. मिनिटांत नळी बंद, आणि तीही तीच नळी जिच्यासाठी चार महिन्यांपूर्वी धावपळ केली होती. अशा रुग्णांतले बरेच दगावतात. माझ्या काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी कुणी चिठ्ठी पुढे करून म्हणतं, "बाकी सगळं द्या, ती रक्त पातळ करायची राहू द्या." दर वेळी मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला थांबवून तेच सांगतो: काटकसर करायचीच तर टॉनिकावर करा. दात काढायचा असला तरी ही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नसते.

आता आम्लता. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, 7.35 ते 7.45 एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात राहतो आणि तो फुप्फुसं आणि मूत्रपिंडं राखतात. तो खरंच खाली घसरला तर माणूस आयसीयूत असतो, स्वयंपाकघरात दुधी किसत नसतो. शिवाय रस जातो कुठे? पोटात, जिथे आधीच ॲसिड आहे. आणि पीएच ही मोजपट्टी डेन्मार्कच्या सोरेन्सन यांनी 1909 मध्ये काढली. वाग्भट साधारण सातव्या शतकातले, म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीचे तर नाहीतच. त्यांच्या तोंडी पीएचचा सिद्धांत घालणं हा वाग्भटांचा अपमान आहे. आयुर्वेदाबद्दल माझी तक्रार नाही, माझ्या दुकानात त्याचं वेगळं कपाट आहे. नळीत साठतं ते कोलेस्टेरॉल, दाहामुळे जमलेल्या पेशी आणि कॅल्शियम. ते सिंक नाही, की वरून काहीतरी ओतलं आणि मोकळं झालं.

आणि दुधी निरुपद्रवी आहे हेही खरं नाही. भाजी खुशाल खा. पण दुधी कधीकधी कडू निघतो, त्यात कुकुर्बिटासिन नावाचं विष असतं. 2010 मध्ये दिल्लीत सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे एक शास्त्रज्ञ असा कडू रस पिऊन गेले. त्यानंतर आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेने तज्ज्ञ समिती नेमली. रक्ताच्या उलट्या, रक्तदाब कोसळणं, हे सगळं त्यात नोंदलं गेलं. आता बघा, या फॉरवर्डमध्ये तुळस, पुदिना आणि सैंधव घालायला सांगितलंय. म्हणजे जी कडू चव जिभेने ओळखून थुंकायची, तीच झाकायची. ॲस्पिरिन घेणाऱ्या माणसाच्या पोटात आधीच रक्तस्रावाची भीती असते, त्यात हे.

पैशांचा मुद्दा मात्र मला मान्य करावा लागतो, आणि ते करताना आनंद होत नाही. तीन डॉलर ही थाप आहे, पण लूट होती. फेब्रुवारी 2017 मध्ये औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारच्या एनपीपीएने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली: साध्या स्टेंटला 7,260 रुपये, औषधी लेपाच्या स्टेंटला 29,600. त्याआधी लेपाचा स्टेंट लाखाच्या वर जायचा. तेव्हा किती लोकांनी जमीन गहाण टाकली असेल देव जाणे. त्यानंतर मर्यादा थोडीफार वरखाली होत आली आहे, पण आजचं मोठं बिल स्टेंटचं नसतं, बाकीच्या गोष्टींचं असतं. ते तपासून घ्या, भांडा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, आणि दाजींचीही तशीच झाली, हे काका विसरले. परदेशी कंपन्यांचा कट म्हणावं तर सुरत आणि वापीला स्टेंट बनतात.

अमेरिकेचं एका ओळीत: तिथले माजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना 2010 मध्ये दोन स्टेंट घातले, धाकट्या बुश यांना 2013 मध्ये एक.

आणि गंमत म्हणजे बुश यांच्या स्टेंटवर तिथल्याच हृदयरोगतज्ज्ञांनी टीका केली, की छातीत दुखत नसताना याची गरज होती का? इथे फॉरवर्डमधला सर्वांत खरा आणि सर्वांत लबाडीने वापरलेला मुद्दा येतो. "आयुष्य वाढत नाही" हे वाक्य हवेतलं नाही. 2020 मध्ये इस्केमिया नावाचा मोठा अभ्यास छापून आला. 37 देश, 5,179 रुग्ण, भारतातलेही. सगळ्यांना चांगली औषधं दिली, आणि निम्म्यांना वरून अँजिओग्राफी, म्हणजे नळ्यांची तपासणी, करून लागेल तशी अँजिओप्लास्टी किंवा बायपास. मृत्यू किती झाले? एका गटात 145, दुसऱ्यात 144. फरक जवळजवळ शून्य. ज्यांना वारंवार छातीत दुखायचं त्यांचा त्रास मात्र प्रक्रियेनंतर जास्त कमी झाला. म्हणजे चालताना छाती भरून येते, बसलं की थांबतं, महिनोन्‌महिने तसंच चाललंय, अशा स्थिर माणसाला "उद्याच स्टेंट टाका नाहीतर काही खरं नाही" असं कुणी घाबरवत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत जरूर घ्या. तो तुमचा हक्क आहे.

पण त्या अभ्यासात कोण नव्हते? ज्यांना गेल्या दोन महिन्यांत अटॅक आला ते नव्हते. डाव्या मुख्य नळीतच अडथळा असलेले नव्हते. हृदयाचं पंपिंग फार कमी झालेले नव्हते. अटॅकमध्ये वेगळंच घडतं. नळीतली चरबीची गाठ फुटते, तिच्यावर रक्त गोठतं आणि रस्ता एकदम बंद होतो. त्या नळीवर जगणारा हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. तिथे 2003 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 23 चाचण्या एकत्र करून पाहिल्या होत्या, 7,739 रुग्ण. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनवर सुरुवातीच्या आठवड्यांत 9 टक्के दगावले, थेट अँजिओप्लास्टीत 7 टक्के. पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण 7 टक्क्यांवरून 3 वर आलं. ही तुलना रसाशी नव्हती, चांगल्या औषधाशी होती. कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी होते ती जागा, दोन तासांत गाठता येत नसेल तर जवळच्या दवाखान्यात आधी इंजेक्शन घेऊन मग पुढे जावं. दाजींना तसंच नेलं होतं आणि म्हणून आज ते दुधी किसायला आहेत.

"दोन्ही टोकांना तुंबते" यातही थोडं तथ्य आहे. नुसत्या फुग्याच्या काळात तिघांत एकाची नळी पुन्हा अरुंद व्हायची. साध्या स्टेंटने ते कमी झालं, लेपाच्या स्टेंटने आणखी बरंच कमी. शून्य झालेलं नाही. तंबाखू, साखर आणि रक्तदाब तसाच ठेवला तर दुसरी नळीही बंद होते, पण तो दोष स्टेंटचा नाही.

बुधवारी सकाळी दाजींना त्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. अठरा दिवसांचा खाडा पडल्यावर घरीच मुकाट्याने गोळी सुरू करायची नाही, सांगायचं असतं. ईसीजी काढला, ठीक आला, गोळ्या त्यांच्यासमोर पुन्हा सुरू झाल्या. दाजी परतताना गाडीत म्हणाले, "तुझ्या काकांनी पाठवलं म्हणून विश्वास ठेवला." यावर मला काही बोलता आलं नाही.

ग्रुपवर आणखी कुणी गोळी बंद केली असेल तर मला वेगळा फोन करा, मी कुणाला सांगणार नाही. पट्टी हातात घेऊन करा, मागचं नाव वाचून सांगावं लागेल. दुकान साडेनऊपर्यंत उघडं असतं.