सर्वात कमी दर देऊनही काम का मिळाले नाही: आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार,

आपला एका ताऱ्याचा अभिप्राय मी लक्षपूर्वक वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे की, शासकीय इमारतींच्या स्वच्छतेच्या सेवा कंत्राटासाठी आपला दर सर्वात कमी असूनही काम दुसऱ्या निविदाकाराला गेले, मूल्यमापन समितीने तांत्रिक गुण मनमानीने दिले आणि आमच्या सल्लासंस्थेने शुल्क घेऊन ‘हरकत घेऊ नका’ एवढेच सांगितले. अशी पद्धत जगात दुसरीकडे कुठेही चालली नसती, असेही आपण लिहिले आहे. पक्षकारांची माहिती आम्ही चारचौघांत उघड करत नाही. म्हणून आपण स्वतः जाहीर केलेले आकडे आणि अभिप्रायासोबत जोडलेली पाने, एवढ्यापुरतेच हे उत्तर मर्यादित ठेवतो.

आधी आमची चूक सांगतो. आमचा लेखी अभिप्राय आपल्या हाती पडला तो हरकतीच्या मुदतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी. आमचे मत आपल्याला पटले नसते, तर दुसऱ्या वकिलाकडे जायला आपल्याकडे वेळच उरला नव्हता. मत बरोबर असले तरी ते उशिरा देणे हा आपल्यावर अन्यायच होता, आणि त्याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो. शिवाय पुढे देत असलेला हिशेब आम्ही आपल्याला फक्त फोनवर सांगितला होता, तो कागदावर यायला हवा होता.

निविदेत तांत्रिक प्रस्तावाला 70 टक्के आणि दराला 30 टक्के भार होता. सर्वात कमी दराला 100 गुण आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात कमी, हे सूत्र निविदेतच छापलेले होते. त्यानुसार दराचे पूर्ण 100 गुण आपल्याला मिळाले, आणि यशस्वी निविदाकाराचा दर आपल्यापेक्षा 12 टक्क्यांनी जास्त असल्याने त्यांना 89.3 मिळाले. तांत्रिक गुण आपले 62 आणि त्यांचे 81. भार लावून केलेली बेरीज आपली 73.4 आणि त्यांची 83.5 होते.

आता यातला कोणता गुण चुकीचा होता ते पाहू. यंत्रसामग्री स्वतःच्या मालकीची नाही म्हणून समितीने आपले 8 गुण कापले. निविदेच्या निकषांत मालकीचा उल्लेख कुठेही नव्हता, यंत्रे ‘उपलब्ध असावीत’ एवढेच म्हटले होते. जो निकष आधी जाहीर केला नाही त्यावर गुण कापणे ही मूल्यमापनातली खरी चूक आहे, हे आम्ही पहिल्या भेटीतच सांगितले होते आणि आजही तेच सांगतो. मात्र ते 8 गुण परत मिळाले असे धरले, तरी आपली बेरीज 79 वर थांबते. निकाल फिरवायला आणखी किमान 7 तांत्रिक गुण हवे होते, आणि ते फक्त मनुष्यबळ आराखड्यातून मिळू शकत होते. तिथे आपल्याला 30 पैकी 17 मिळाले आहेत.

तो आराखडा आपण अभिप्रायाला जोडलाच आहे. वर मजकुरात 46 कर्मचारी लिहिले आहेत. खालच्या तक्त्यात सकाळच्या पाळीत 18, दुपारच्या पाळीत 16 आणि रात्रीच्या पाळीत 7, म्हणजे एकूण 41 होतात. उरलेले 5 जण रजा आणि साप्ताहिक सुट्टीच्या बदलीसाठी आहेत, असे आपण आम्हाला सांगितले आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे, कारण आपले काम मी पाहिलेले आहे. पण ते वाक्य प्रस्तावात नाही. समितीने गुणपत्रकावर ‘संख्येत विसंगती, बदली व्यवस्थेचा उल्लेख नाही’ असा शेरा मारला आहे आणि समोरच्या कागदाशी तो जुळतो. ‘त्यांनी आम्हाला विचारायला हवे होते’ हे आपले म्हणणे समजण्यासारखे आहे. तथापि खुलासा मागवणे सहसा समितीच्या इच्छेवर असते, आणि लिफाफे उघडल्यानंतर प्रस्तावात नवी भर घालू दिली, तर दुसऱ्या निविदाकाराला हरकतीचे कारण मिळते. एका सदस्याने आपल्याला सुरुवातीला 74 गुण दिले होते, हा मुद्दाही टिकत नाही. सदस्य आधी वेगवेगळे गुण देतात, मग चर्चा करून एकमताचे गुण ठरवतात. त्या दोहोंत फरक पडला एवढ्यावरून गैरप्रकार सिद्ध होत नाही. एकमताच्या गुणांमागे लेखी कारण आहे की नाही, ते पाहिले जाते.

स्वच्छतेसारख्या नेहमीच्या सेवेत तांत्रिक बाजूला 70 टक्के भार देणे अवाजवी आहे, हे आपले मत मलाही मान्य आहे. पण तो आक्षेप निविदापूर्व बैठकीत किंवा निविदा भरण्याच्या मुदतीआधी घ्यायचा असतो, आणि आपण आमच्याकडे आलात ते निकाल लागल्यावर. हा नियम कुणा एका कार्यालयाने काढलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाच्या 2011 च्या सार्वजनिक खरेदीविषयक नमुना कायद्यात अटींवरील हरकतीची मुदत अशीच आहे. अमेरिकेत गव्हर्नमेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिस ही तेथील संसदेची लेखापरीक्षण संस्था अशा तक्रारींवर 100 दिवसांत निर्णय देते, तेथेही अटींतील उघड दोषांवरची तक्रार निविदा सादर करण्याच्या वेळेपूर्वीच करावी लागते, आणि मूल्यमापनात चूक सापडली तरी त्या चुकीमुळे तक्रारदाराची काम मिळण्याची संधी खरोखर हुकली होती का, हे पाहिले जाते. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या टाटा सेल्युलर प्रकरणात म्हटले की न्यायालय अपील ऐकायला बसलेले नसते, निर्णय कोणत्या रीतीने घेतला गेला एवढेच ते तपासते. म्हणजे समितीच्या जागी बसून 17 चे 24 कोणी करून देत नाही.

याचा अर्थ समित्यांचे सगळे बरोबर असते असा मुळीच नाही. कित्येक गुणपत्रकांवर ‘समाधानकारक’ या एका शब्दापलीकडे काही नसते. प्रस्तावासाठी महिनाभर राबलेल्या माणसाला आपले गुण कशात गेले ते त्यातून कळत नाही, आणि अशा वेळी हरकत घ्या असे आम्ही स्वतःहून सांगतो. आपल्या प्रकरणात कारणे लिहिलेली होती, त्यांतले एक चुकीचे होते, आणि त्या एकाने निकाल बदलत नव्हता. हरणारी हरकत दाखल करायला लावून आपल्याकडून आणखी शुल्क घेणे मला शक्य होते, पण ते मी केले नाही.

लेखी अभिप्रायाला झालेल्या उशिराबद्दल, आपल्याकडून घेतलेल्या शुल्कातील निम्मी रक्कम या आठवड्यात आपल्या खात्यात परत जमा होईल. आपली संपूर्ण फाइल, आमच्या टिपणांसह, आपण सांगाल त्या वकिलाकडे पाठवू; त्यांचे मत आमच्यापेक्षा वेगळे पडले, तर ते येथेच लिहावे, मी ते काढायला सांगणार नाही. यापुढे नवे प्रकरण हाती घेतले की हरकतीची शेवटची तारीख त्याच दिवशी पक्षकाराला लेखी कळवली जाईल आणि मुदतीच्या किमान चार दिवस आधी आमचे मत दिले जाईल.

कापलेल्या 8 गुणांबाबत कार्यालयाला द्यायच्या पत्राचा मसुदाही तयार आहे. यंत्रांच्या मालकीचा निकष पुढच्या निविदेत हवा असेल तर तो आधी छापा, नको असेल तर त्यावर गुण कापू नका, एवढीच मागणी त्यात आहे. आपण तो वाचून सही केलीत की त्याच दिवशी तो दाखल करू, आणि त्याचे शुल्क घेणार नाही.