यलोस्टोन लेकच्या ट्रिपवरील "खराब हीटर दिला" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

सप्टेंबरच्या सुरुवातीच्या लेबर डेच्या सुट्टीत आमची आरव्ही (झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन तुम्ही केलेल्या ट्रिपबद्दल दिलेला एक स्टार आणि त्याखालचा मजकूर वाचला. यलोस्टोन पार्कमधल्या ग्रँट व्हिलेज कॅम्पग्राउंडला दुसऱ्या रात्री तुमचे आई-बाबा आणि मुलं थंडीने जागी राहिली, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. सत्तरीतली माणसं पहाटेपर्यंत स्वेटर घालून बसून होती, हे वाचून आम्हालाही वाईट वाटलं.

पण "हीटर खराब आहे हे माहीत असूनही गाडी दिली" आणि "मराठी माणूस म्हणून विश्वास टाकला आणि फसलो" ही दोन वाक्यं आम्हाला तशीच सोडून देता येत नाहीत. सॉल्ट लेक सिटीतला आरव्ही भाड्याने देण्याचा आमचा हा धंदा लहान आहे. जाहिरात करत नाही. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एकाने दुसऱ्याला सांगितलं म्हणून लोक येतात, आणि पैसे भरण्याआधी हेच रिव्ह्यू वाचतात. त्यामुळे थोडं लांबलं तरी सगळं लिहितो.

आधी हीटर. तुम्हीच लिहिलंय की पहिल्या रात्री, तळ्याकाठच्याच फिशिंग ब्रिजला, गाडी छान उबदार होती. हीटर तोच, थर्मोस्टॅट तोच, बाहेरचा गारठाही जवळपास तेवढाच. फरक एकच होता. फिशिंग ब्रिजच्या आरव्ही पार्कमध्ये प्रत्येक जागेवर वीज, पाणी आणि सांडपाण्याचं कनेक्शन आहे. ग्रँट व्हिलेजला यातलं काहीच नाही. तिथे गाडी स्वतःच्या बॅटरीवर राहते.

गाडीतला हीटर प्रोपेन गॅसवर पेटतो, पण आतला पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर फिरतो. तो चालू असताना साधारण ७ अँपिअर घेतो. रात्रभर चालू-बंद होत राहतो, म्हणून सरासरी ५ धरा. आमच्या या गाडीत दोन बॅटऱ्या मिळून साधारण १६० अँपिअर-अवर आहेत (एक अँपिअर-अवर म्हणजे एक अँपिअर एक तासभर). लेड-ॲसिड बॅटरी शून्य अंशाच्या आसपास आपली पूर्ण क्षमता देत नाही, म्हणजे हातात १३० च्या आत-बाहेर. त्यातले निम्मेच वापरायचे, नाहीतर बॅटरी लवकर मरते. ६५ अँपिअर-अवरमध्ये हीटर, थोडे दिवे, पाण्याचा पंप आणि फ्रिजचं सर्किट एवढ्यावर एक रात्र निघते. थर्मोस्टॅट ६२ फॅरनहाइटवर (साधारण १७ सेल्सिअस) ठेवून, दारं-खिडक्यांचे पडदे लावून, अगदी व्यवस्थित निघते.

आता तुमच्याच रिव्ह्यूतलं वाक्य: "शेवटी घरून आणलेली दोन इलेक्ट्रिक ब्लँकेटं लावली, तरी उपयोग झाला नाही." उपयोग झाला नाही, कारण हीटर बंद पडला तोच त्या ब्लँकेटांमुळे. एक ब्लँकेट १०० वॅटचं धरलं तर दोन मिळून २०० वॅट. इन्व्हर्टरमधून तेवढी वीज घ्यायची तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून १८ ते १९ अँपिअर जातात. हीटरचे ५ मिळवले की ताशी २४. तुम्ही मेसेजमध्ये लिहिलं होतं की टीव्ही बघून अकराला झोपलात. तोवर २५-३० अँपिअर-अवर गेलेले. पुढे चार तास, ताशी २४ प्रमाणे, आणखी ९६. बेरीज १२५ च्या आसपास होते. हीटर थांबला, असं तुम्ही लिहिलंय, "पहाटे तीनच्या सुमारास".

आणि "हीटरमधून गार हवा येत होती" हे तर नेमकं बॅटरी उतरल्याचं लक्षण आहे. पंख्यासमोर एक छोटी पातळ पट्टी असते, तिला सेल स्विच म्हणतात. पुरेशा जोराने हवा लागली की ती पट्टी ढकलली जाते, स्विच लागतो, आणि मगच सर्किट बोर्ड गॅसचा व्हॉल्व्ह उघडून ठिणगी टाकतो. बॅटरी साडेदहा-अकरा व्होल्टवर आली की पंखा फिरतो खरा, पण सावकाश. पट्टी हलत नाही, गॅस सुटत नाही. ही सुरक्षेची सोय आहे, कारण हवा खेळत नसताना ज्योत पेटली तर धोका असतो. गाडी परत आल्यावर आम्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज केल्या आणि हीटर लावला. पहिल्या झटक्यात पेटला. प्रोपेनची टाकीही पाऊण भरलेली होती. खराब हीटर असा पेटत नाही.

इन्व्हर्टर फोन, लॅपटॉप आणि सीपॅप (झोपेत श्वासाला मदत करणाऱ्या) मशीनसाठी आहे. गरम करणारी कुठलीही वस्तू त्यावर लावू नका, हे थर्मोस्टॅटशेजारी लावलेल्या मराठी कागदावर तिसऱ्या ओळीत आहे. गाडी ताब्यात देताना तोंडीही सांगितलं होतं. घाईत लक्षातून गेलं असेल, समजू शकतो. पण मग "फसवलं" म्हणायला नको होतं.

रात्री जनरेटर लावता आला नाही, हीही तक्रार आहे. तो नियम यलोस्टोन पार्कचा आहे: सकाळी ८ ते रात्री ८, आणि तोही ज्या कॅम्पग्राउंडमध्ये परवानगी आहे तिथेच. म्हणून तर आम्ही सांगतो की संध्याकाळी पाच ते आठ जनरेटर चालवा आणि बॅटऱ्या भरून घ्या. त्या संध्याकाळी जनरेटर अर्धाच तास चालल्याचं मीटरवर दिसतं. सकाळी तो सुरू झाला नाही, कारण त्याचा स्टार्टरही त्याच उतरलेल्या बॅटरीवर आहे. तुमचा मेसेज ७.४० ला आला, उत्तर ७.५२ ला दिलं: ८ वाजले की गाडीचं इंजिन सुरू करा, डॅशबोर्डवरचं बूस्ट बटण (ते इंजिनची बॅटरी मदतीला जोडतं) दाबून धरा, आणि ते धरूनच जनरेटर चालू करा. तसाच तो सुरू झाला. मग "दम टाकत होता", कारण यलोस्टोन लेक ७,७३३ फुटांवर आहे, म्हणजे २,३५७ मीटर. दर हजार फुटांना जनरेटरची ताकद साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते. ४,००० वॅटचा जनरेटर तिथे ३,००० वॅटच्या आत-बाहेर देतो. मायक्रोवेव्ह आणि किटली एकदम लावली की त्याला झेपत नाही.

शेगडी कमजोर म्हणून भात-वरण कच्चं राहिलं, असंही लिहिलंय. शेगडी ठीक आहे. त्या उंचीवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ कितीही वेळ ठेवली तरी शिजता शिजत नाही. सिंकखालच्या कपाटात तीन लिटरचा कुकर त्यासाठीच दिलेला असतो. डाळ तासभर भिजवायची आणि घरी लागतो त्यापेक्षा साधारण तिसरा हिस्सा जास्त वेळ द्यायचा. कुकर आमच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत जसा दिला तसाच परत आला.

तंबूचं. फिशिंग ब्रिजला मुलांचा तंबू लावू दिला नाही, आणि "हे आधी सांगितलं नाही" असं तुम्ही म्हणता. तिथे ग्रिझली अस्वलांचा वावर असल्यामुळे तंबू आणि कापडी बाजूंचे ट्रेलर चालत नाहीत, फक्त कडक भिंतींच्या गाड्या. आम्ही तिन्ही रात्री ग्रँटच सुचवलं होतं, कारण तिथे तंबूही चालतो. पहिल्या रात्रीची जागा तुम्ही स्वतः बदलून घेतलीत आणि त्या ईमेलच्या उत्तरात आम्ही हा नियम लिहिला होता. तंबूत खायचं काही ठेवू नका, टूथपेस्टसुद्धा नाही, हे वारंवार सांगितल्याने मुलं घाबरली असतील तर वाईट वाटतं. पण ते सांगणं आम्ही कमी करणार नाही.

डिपॉझिटमधून कापलेल्या १०० डॉलरबद्दल इतकंच: मैल्याची टाकी भरलेली परत आली. ग्रँटच्या कॅम्पग्राउंडजवळच डम्प स्टेशन, म्हणजे टाक्या रिकाम्या करायची जागा, आहे. हातमोजे घालायचे, जाड पाइप लावायचा, आधी काळी (मैल्याची) टाकी सोडायची, मग करडी (सिंक-शॉवरच्या पाण्याची), म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. पंधरा-वीस मिनिटांचं काम. ते न झाल्यास १०० डॉलर, असं करारावर तुमच्या सहीच्या वरच आहे. तुम्ही रिव्ह्यूत रक्कम लिहिलीत, कापण्याचं कारण मात्र लिहिलं नाहीत.

तिसऱ्या रात्री वेस्ट यलोस्टोनला हॉटेल घेतलंत, ते पैसे मागितले आहेत. त्या दिवशी आम्ही मेसेज केला होता की जनरेटर तीन-चार तास चालवा आणि ब्लँकेटं काढा, रात्र नीट जाईल. त्यावर उत्तर आलं नाही. हॉटेलचे पैसे देणं आम्हाला परवडणारं नाही आणि योग्यही वाटत नाही. आई-बाबांना त्रास झाला म्हणून एका रात्रीच्या भाड्यातला काही भाग परत करायला मात्र आम्ही तयार आहोत. कृपया ऑफिसच्या नंबरवर मेसेज करा, इथे रकमेची चर्चा नको.

सूचनांचा कागद मोठ्या अक्षरांत करून घेत आहोत. पुढच्या सीझनपर्यंत एक-दोन गाड्यांना लिथियम बॅटऱ्या बसवता येतात का तेही बघतोय, जमेल तसं. त्या महाग आहेत, आणि शून्याखाली चार्ज होत नाहीत, त्यामुळे त्यांना ऊबदार जागाही करावी लागते.

रिव्ह्यू काढून टाका असं म्हणणार नाही. इलेक्ट्रिक ब्लँकेटांची गोष्ट त्यात राहू द्या, पुढच्या माणसाला उपयोग होईल. "माहीत असूनही दिली" हे तेवढं बदलावं, ही विनंती. उन्हाळ्यातल्या कुठल्याही महिन्यात त्या तळ्याकाठी रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो, आणि हे माहीत असताना खराब हीटरची गाडी आम्ही कुणालाही दिलेली नाही.

आई-बाबांना आमचा नमस्कार सांगा.