गळकं इटालियन

सोलापुरात कुठलीही गळती घरापुरती राहत नाही. इथे नळाला पाणी रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी माणसं रजा टाकतात. अशा गावात एखाद्याच्या ओट्यावर टप् टप् वाजायला लागलं की शेजारी खिडकीतून विचारणारच, "नळ आलाय का तुमच्याकडं?"

नळ आला नव्हता. माझं एस्प्रेसो मशीन गळत होतं.

मशीन दांडीवालं, पितळेचं, वरून क्रोमचा मुलामा, वयाने माझ्याहून मोठं. मेव्हण्याने परदेशातून आणलं, त्याच्या बायकोने उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, म्हणून आमच्याकडे नांदायला आलं. खानदान मात्र मोठं. पूर्वी वाफेच्या जोरावर कॉफी काढायचे आणि ती करपट लागायची. मिलानच्या आकिले गाज्जा यांनी १९३८ साली वाफेविना कॉफी काढायचं पेटंट घेतलं आणि युद्धानंतर दांडीची मशीनं बाजारात आणली. माझ्या मशीनची दांडी दाबली की दट्ट्या खाली येतो आणि गरम पाण्याला कॉफीतून रेटतो, साधारण नऊ बार दाबाने. आपला कुकर एका बारलाच शिट्टी मारून घर डोक्यावर घेतो. पाच सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर नऊ बार म्हणजे पावणेदोनशे किलोचा जोर. दांडी लांब असल्यामुळे हाताला त्यातला थोडाच कळतो. आणि एवढ्या जोराला अडवून कोण धरतं? दट्ट्यावरची दोन रबरी सीलं आणि मुंडक्यातलं एक पॅकिंग. तिन्ही म्हातारी झाली होती.

मग कॉफी खालच्या कपात येण्याऐवजी चहूबाजूंनी यायला लागली. बायको म्हणाली, "बाजूनं जास्त येतंय, तिथंच कप लावा." आईने काही न बोलता मशीनखाली वाटी ठेवली, काही दिवसांनी वाटीची पातेली झाली आणि ते तांबूस पाणी तुळशीला जायला लागलं. तुळस जोमात होती. रात्री बहुतेक झोपत नसावी.

शेवटी अण्णा आले. अण्णा मिलमधले निवृत्त फिटर. मिल बंद पडून जमाना झाला, पण पान्ह्यांची पिशवी अजून दाराला टांगलेली असते. त्यांना बोलवावं लागत नाही, वास लागतो.

"काय करलालास बे?"

"पॅकिंग बदलतोय, अण्णा."

"सरक."

आता पॅकिंग बदलणं म्हणजे काय, जुनं काढायचं आणि नवं बसवायचं, असं ज्याला वाटतं त्याने वर्षानुवर्षं तापत्या धातूला चिकटून बसलेलं रबर पाहिलेलं नाही. ते रबर राहतच नाही. आमचं तर कडक भाकरीच्याही पुढे गेलं होतं. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं की कपचा उडायचा आणि बाकीचं पॅकिंग जागच्या जागी. दाभण झालं, आईची विणायची सुई झाली. अण्णांनी मग लाकडाचा एक बारीक स्क्रू त्या रबरातच पिळला, पकडीने त्याचं डोकं धरलं आणि पाय ओट्याला लावून ओढलं. पॅकिंग आलं. अण्णाही दोन पावलं मागे आले.

दांडीची पिन काढताना तिची सर्कलिप, म्हणजे पिन अडवणारी स्टीलची चिमुकली कडी, उडाली. सर्कलिप ही वस्तू मुळात उडण्यासाठीच बनवलेली असते, पिन धरणं हे तिचं जोडकाम. सगळं घर गुडघ्यावर रांगलं. कपाटं सरकली, हरवलेलं एक जोडवं सापडलं, सर्कलिप नाही. ती मिळाली रात्री जेवताना, शेंगाचटणीच्या बरणीत. मी नशीब म्हणालो, बायको जे म्हणाली ते इथे छापता येणार नाही.

नव्या पॅकिंगसाठी अक्कलकोट रोडला एमआयडीसीकडच्या सीलच्या दुकानात गेलो. मालकाने नमुना हातात घेऊन विचारलं, "कुठल्या लूमचं?" म्हटलं, कॉफीचं. त्याने आत हाक मारली, "अरे, कॉफीचं सील आहे का?" आतून तिघे बाहेर आले, सील बघायला नव्हे, मला बघायला. पण माणूस जाणकार निघाला. व्हर्नियर लावला, जाडी घेतली आणि म्हणाला, वाफेला साधं नायट्राइल रबर टिकत नाही, ईपीडीएम रबर न्या. आणि पेट्रोलियमचं ग्रीस लावू नका, फुगतं. खाण्यापिण्याला चालणारं सिलिकॉन ग्रीसच लावा. हे ज्ञान फुकट, पॅकिंग चहाच्या किमतीत. दट्ट्याची सीलं मात्र इटलीहून मागवावी लागली. त्यांची किंमत घरात अजून जाहीर झालेली नाही.

ग्रीसवरून अण्णांचं बिनसलं. त्यांनी मागाच्या ग्रीसचा डबा आणला होता, तोही उघडून. तो परत पाठवतोय तोवर दट्ट्यावर दुसरं भांडण. सीलला ओठ असतो, दाबाने तो फाकतो आणि भिंतीला चिकटतो. वरच्याचा ओठ वर, खालच्याचा खाली, दोघं पाठीला पाठ लावून. अण्णांना दोन्ही एका दिशेला हवी होती. "हातपंपाचं वायसर मी आयुष्यभर बसवलंय." शेवटी सीलच्या पाकिटातलं चित्र दाखवलं. अण्णांनी ते उलटं धरून पाहिलं, सरळ धरून पाहिलं आणि म्हणाले, "छापणाऱ्याची चूक असेल." पण बसवलं चित्राप्रमाणे, चमच्याच्या दांड्याने ओठ आत सारत, करंगळीने गोल फिरवत. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नव्हतं.

बोअरच्या पाण्याचे क्षार आत थरावर थर बसले होते, ते लिंबूसत्ताने काढले. मशीन जोडलं, तापवलं. मी दांडी वर केली, क्षणभर थांबलो आणि दाबली. दांडीने प्रथमच मला विरोध केला. बाजूने थेंब नाही. खाली कपात काळपट-लाल धार, वर सोनेरी फेस. आई रिकाम्या पातेलीकडे बघत म्हणाली, "तुळशीचं काय आता?"

तेवढ्यात वाफेच्या नळीच्या चावीपाशी सुस्स आवाज आला आणि एक थेंब लोंबायला लागला. इतकी वर्षं दाब खालून निसटत होता. तिकडचं दार बंद झाल्यावर त्याने पुढचं म्हातारं रबर शोधलं होतं.

अण्णांनी कप न पिताच खाली ठेवला. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"सकाळी येतो. उद्या नळ नाही ना?"