‘लक्ष देत नाही’ म्हणे!

आज लेकाच्या डायरीत लाल शेरा आलाय. ‘वर्गात लक्ष देत नाही, सूचना पाळत नाही.’ वीस मिनिटं दाराशी उभा केला त्याला. आठ वर्षांचं पोर!

काय झालं ते त्यानेच सांगितलं. टीचर एका दमात म्हणाल्या, गणिताचं पुस्तक काढा, पान ४२ उघडा, वहीत समास आखा, तारीख घाला, पहिली तीन गणितं सोडवा आणि वही टेबलावर ठेवा. याने पुस्तक काढलं, पान उघडलं आणि बसून राहिला. ‘ममा, मी ऐकलं होतं गो. पण मागाहून गेलं ते.’

गेलं! अगदी तसंच जातं ते. मला माहीत आहे.

गोव्यात साखळीला आजी मला पसरकाराकडे, म्हणजे वाण्याकडे पाठवायची. साखर, खडेमीठ, काड्यापेटी, सोलं, खोबरेल. मी सात वर्षांची. वाटभर पुटपुटत जायचे. वाटेत कोणीतरी हाक मारली, ‘खंय गो चल्लें?’, कुठे गं चाललीस, आणि सगळं पुसलं गेलं. साखर आणि काड्यापेटी घेऊन घरी आले. आजी ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने माझा हात हातात घेतला, अंगठ्याला साखर, तर्जनीला मीठ, असं करत करंगळीपर्यंत आली आणि मूठ मिटून दिली.

याला वर्किंग मेमरी म्हणतात. काम करताना डोक्यात तात्पुरतं धरून ठेवायची जागा. मध्येच लक्ष दुसरीकडे गेलं की त्यातलं सांडतं, आणि एकदा सांडलं की कितीही आठव म्हणा, परत येत नाही. तिथे एका वेळी किती गोष्टी मावतात? मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरने १९५६ साली सातच्या आसपास हा आकडा सांगितला, नेल्सन कोवन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये तो चारवर आणला. तोही मोठ्यांचा! मुलांची जागा त्याहून लहान, ती वाढत वाढत मोठेपणी पुरी होते. मग सहा सूचना एका दमात कशा काय देता? हट्टी, आळशी, बेफिकीर ही नावं त्या जागेला द्यायची असतात का?

बरं, टीचरांपुढे पस्तीस मुलं असतात, पोर्शन संपवायचा असतो, मान्य. पाढेही पाठ हवेतच. सात सत्ते एकोणपन्नास आपोआप आलं की तेवढी जागा मोकळी राहते.

पण फळ्यावर चार शब्द लिहायला कितीसा वेळ लागतो? दोन सूचना द्या, तेवढं होऊ द्या, मग पुढच्या दोन. मुलाला विचारा, ‘काय करायचंय, सांग बघू मला.’ माझी आजी चौथीसुद्धा शिकली नव्हती हो. पसरकाराच्या फळीपुढे मी एकेक बोट उघडायचे, घामेजलेल्या मुठीत पैसे असायचे, आणि पाचही वस्तू घरी यायच्या.

सोमवारी शाळेत जाणार आहे. भांडायला नाही. फळ्यावर लिहा एवढंच सांगायला.

आत्ता झोपताना लेकाला आजीची मूठ शिकवली. पुस्तक, पान, समास, तारीख, गणितं. त्याने पाच बोटं मिटली, मग मुठीकडे बघत विचारलं, ‘ममा, वही टेबलावर ठेवायची ती खंय दवरूं?’