ताई, कोणता कॅमेरा घेऊ?

परवा संध्याकाळी एक मुलगा घरी आला. बावीस-तेवीस वर्षांचा, डिप्लोमा झालेला, मित्राच्या कॅमेऱ्यावर लग्नाच्या दोन ऑर्डर करून झालेल्या. मोबाईलवर एक मिररलेस बॉडी आणि लेन्स उघडून माझ्यापुढे धरली. दोन्ही मिळून दीड लाख. "ताई, घेऊ का? हप्ते बसतायत."

मी मिरजेत लग्नाचे फोटो काढते, त्यामुळे असे मेसेज मला आठवड्याला दोन-तीन येतात आणि मी दोन ओळींत उत्तर देते. पण हा पोरगा सांगलीहून गाडी काढून मिरजेला आला होता. त्याला चहा दिला आणि तास-दीड तास बोलले. तो गेल्यावर वाटलं, हे सगळ्यांसाठीच लिहावं. लांब होईल. वेळ असेल तर वाचा.

आधी हिशोब. समोर एका लग्नपत्रिकेचं पाकीट पडलं होतं, त्याच्या पाठीवरच मांडला. दीड लाख रुपये, १४ टक्के व्याज, २४ हप्ते. महिन्याला साधारण ७,२०० रुपये. दोन वर्षांत १,७२,८०० जातात, म्हणजे २२,८०० वरचे. तो म्हणाला, "ताई, नो कॉस्ट आहे, व्याजच नाही." तसं काही नसतं. रोखीनं घेतलं तर जी सूट मिळाली असती, ती व्याजात वळवलेली असते, वर प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी. शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं.

पण खरं सांगायचं तर मला त्या बावीस हजारांचं एवढं वाटत नाही. कामाच्या माणसाला ते भरून काढता येतात. मला काळजी त्या ७,२०० ची वाटते, कारण तो दर महिन्याला येतो. आपलं काम दर महिन्याला येत नाही. तुळशीचं लग्न लागलं की आपले मुहूर्त सुरू होतात आणि आषाढी एकादशीला थांबतात. पुढचे चार महिने डोहाळजेवण, बारसं, एखादं दुकानाचं उद्घाटन. हप्त्याला चातुर्मास नसतो. मग सीझनमध्ये माणूस येईल ती ऑर्डर घेतो. पडेल भावात घेतो. अॅडव्हान्स न देणारी पार्टी असली तरी घेतो. "नको, हे काम मी करत नाही" हे वाक्य त्याच्या तोंडून दोन वर्षं निघत नाही.

हे मी स्वतः भोगलेलं आहे, म्हणून सांगते.

माझा पहिला डिजिटल कॅमेरा निकॉन डी९०. २०१० मध्ये भिशी लागली तेव्हा घेतला. १२ मेगापिक्सेल, सोबत ३५ एमएमची एक लेन्स. त्याच्या आधी स्टुडिओत मदतनीस होते, तिथं जुना रोलचा कॅमेरा, एफएम१०, हाताळायला मिळायचा. रोलमध्ये ३६ फोटो, त्यामुळे बोट दाबायच्या आधी डोळा काम करायचा. ती सवय डी९० वरही राहिली.

त्या काळात माझा सगळा मोकळा वेळ सतारमेकर गल्लीत जायचा. मिरजेबाहेरच्या लोकांसाठी थोडं सांगते. इथं सतार आणि तानपुरे बनतात, एकोणिसाव्या शतकापासून. बनवणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारं घडवणारी आणि धार लावणारी. राजेरजवाड्यांच्या तलवारींचं काम संपत आलं तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यं करायला घेतली आणि हातातलं कसब लोखंडावरून लाकडावर आलं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. गल्लीत शिरलं की आधी लाकडाच्या भुशाचा वास येतो, मग लाखेच्या पॉलिशचा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला घरात लग्न ठरल्यासारखा आनंद झाला होता.

त्या गल्लीत एक थोरले चाचा होते. सत्तरीच्या पुढचे. दांडी, तबली, खुंट्या ही कामं मुलं-पुतणे करायचे, जवारी, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडी घासणं, हे काम मात्र चाचांचं. तानपुऱ्याची तार घोडीवरून जाते. त्या घोडीचा माथा वरून सपाट दिसतो, पण त्याला अगदी किंचित उतार असतो. तार त्या उतारावर हलकी घासते म्हणून तानपुरा गुंजतो. तो उतार कानशीनं आणायचा. चाचा कानस एकदा फिरवायचे, तार छेडायचे, मान तिरकी करून ऐकायचे. परत एकदा फिरवायचे. कधी ऐकून झाल्यावर नुसते बसून राहायचे आणि कानस खाली ठेवायचे. एक हात जास्त पडला तर आवाज मरतो आणि गेलेली कणी परत चिकटवता येत नाही.

एकदा मी विचारलं, "चाचा, तुमच्याकडं कानशी किती?" त्यांनी जमिनीवर मांडून दाखवल्या. चार. त्यातली एक त्यांच्या वडिलांची, मुठीपाशी अंगठ्याचा खड्डा पडलेली. "नवीन मिळतात की बाजारात," मी म्हटलं. म्हणाले, "मिळतात बेटी. पण हिचा हात मला ठाऊक आहे."

खोलीत उजेड जेमतेम. डी९० वर आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो घ्यायची कॅमेऱ्याची ताकद, १६०० च्या पुढं नेला की फोटोत दाणे यायचे. मग मी उजेडाच्या वेळा शिकले. हिवाळ्यात सकाळी साडेदहाच्या सुमाराला समोरच्या भिंतीवरचं ऊन परत फिरून दारातून आत यायचं, बरोबर चाचांच्या हातांवर. वीस-पंचवीस मिनिटं टिकायचं. मी दाराच्या चौकटीला खांदा टेकवून, श्वास धरून एक पंधरांश सेकंदावर फोटो घ्यायचे. कानस पुसट, घोडी स्थिर, हवेत उडालेली कणी दिसतेय असा एक फोटो मला तिसऱ्या हिवाळ्यात मिळाला. कॅमेरा चांगला असता तर पहिल्या दिवशी मिळाला असता का? कदाचित त्याहून स्वच्छ फोटो मिळाला असता. पण मी साडेदहाची वाट बघत बसले नसते. वाट बघत बसले नसते तर चाचा नुसते ऐकत बसतात तो क्षण मला कळलाच नसता, कारण त्या वेळी बाहेरून बघणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही.

२०१६ मध्ये मी मोठ्या सेन्सरची फुल फ्रेम बॉडी आणि झूम लेन्स घेतली. कर्जावर. सगळे घेत होते. "पार्टी कॅमेरा बघून पैसे देते," असं ऐकून ऐकून मलाही पटलं होतं. हप्ता साडेआठ हजारांच्या पुढं. त्या सीझनला मी ३१ लग्नं केली. त्यातल्या एका लग्नात मुलाकडच्यांनी सांगितलं, मुलीला फोटोत जरा उजळ करा. एरवी मी तिथंच नाही म्हणाले असते. त्या वर्षी केलं. अल्बम द्यायला गेले तेव्हा ती मुलगी पानं उलटत उलटत थांबली आणि हळूच म्हणाली, "ताई, छान आलेत. पण ही मी नाही." तिचा तो आवाज अजून जात नाही कानातून.

त्या सीझनला मी पाच महिने गल्लीत गेले नाही. चाचांना म्हटलं होतं, नवीन कॅमेरा आणते, तुमच्या हातांचे मोठे फोटो काढू, घरात लावायला. एप्रिलमध्ये मी कराडकडच्या एका लग्नात हॉलवर असताना फोन आला की चाचा गेले. नवीन कॅमेरा माझ्या गळ्यात होता. त्या कॅमेऱ्यावर त्यांचा एकही फोटो नाही. घरात लावलेला फोटो डी९० चाच आहे, दाण्यांसकट.

कर्ज फिटल्यावर मी ती बॉडी विकली. रागानं विकली नाही, कॅमेरा उत्तमच होता. पण मला माझे पाच महिने कशाला गेले ते कळलं होतं.

म्हणून मी त्या मुलाला एकच विचारलं, "हा कॅमेरा नाही म्हणून तुझा कुठला फोटो अडलाय? ऐपत, इभ्रत सोड. फोटो सांग." तो बराच वेळ विचार करत राहिला. शेवटी म्हणाला, "अल्बमला क्लॅरिटी कमी पडेल." मग परत पाकीट घेतलं. १२ बाय ३६ चा अल्बम उघडला की एक पान १८ इंच रुंद. माझ्या जुन्या डी९० चा फोटो ४,२८८ पिक्सेल रुंद. इंचाला २३८ पिक्सेल पडतात. हातात धरून बघायच्या अल्बमला ते पुरतात. त्या कॅमेऱ्यावर काढलेले माझे अल्बम आजही लोकांच्या कपाटात आहेत आणि क्लॅरिटी कमी आहे म्हणून आजवर कुणी परत आलेलं नाही.

मी खरेदीच्या विरोधात आहे असं कुणी समजू नका. काही ठिकाणी मी एक रुपया वाचवत नाही. मेमरी कार्ड कायम चांगलं आणि खात्रीच्या दुकानातलं. हार्डडिस्क दोन, त्यातली एक बहिणीच्या घरी, कारण हळद उतरल्यावर लग्न परत लागत नाही. लेन्स ठेवायला घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेल, निळे खडे गुलाबी झाले की बदलायचे. पावसाळ्यात बॅगेत कोंडलेल्या लेन्सला बुरशी धरते आणि मग काचेची किंमत कळते. बाकी जे वर्षातून चार-सहा वेळा लागतं ते भाड्यानं आणते आणि भाडं बिलात लावते. ड्रोनसाठी एक मुलगा बोलावते. ड्रोन स्वतःचा नाही म्हणून माझ्या दोन ऑर्डर गेल्या आहेत, हेही खरं आहे. गेल्या तर गेल्या. आणि प्रिंट. वर्षाला निदान वीस फोटो मी कागदावर काढून घेते, पैसे देऊन, स्वतःसाठी. स्क्रीनवर आपण आपल्याला फसवू शकतो. भिंतीवर आठ दिवस लावलेला फोटो चांगला नसेल तर नवव्या दिवशी आपण होऊन सांगतो.

एकटी राहणारी बाई म्हणून मला दुसऱ्याही बाजूनं विचार करावा लागतो. माझ्या दोन खोल्या, गाडी, आईची औषधं धरून महिन्याचा खर्च २४,००० च्या आत बसतो. सहा महिन्यांचे पैसे मी बँकेत वेगळे ठेवते आणि त्यांना कुठल्याही ऑफरमध्ये हात लावत नाही. लोक म्हणतात कंजूष आहे. पण त्या पैशांमुळे चातुर्मास माझा असतो. त्या चार महिन्यांत मी गल्लीत जाते. आणि वर्षातून एकदा, मिरासाहेब दर्ग्यात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते, तिथं रात्रभर बसते. कुणी बोलावलेलं नसतं, कुणी पैसे देत नाही. माझे सगळ्यात चांगले फोटो तिथलेच आहेत.

या सगळ्यात मला होमाई व्यारावाला फार आठवतात. नवसारीत १९१३ मध्ये जन्म, मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये शिक्षण, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून यायचे. लाल किल्ल्यावरचं ध्वजारोहण, गांधीजींची अंत्ययात्रा, हे सगळं त्यांनी त्या अवजड कॅमेऱ्यांवर टिपलं. स्पीड ग्राफिक नावाच्या कॅमेऱ्यात एका होल्डरला फिल्मचे दोनच तुकडे, आणि फ्लॅशचा बल्ब एकदा उडाला की संपला. १९७० मध्ये, कीर्ती असताना, त्यांनी काम थांबवलं. नव्या लोकांची वागण्याची तऱ्हा त्यांना पटेना. पुढं मुलगा गेल्यावर वडोदऱ्यात एकट्या राहिल्या, घरातली दुरुस्तीची कामं स्वतःच्या हातानं करत. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि २०१२ मध्ये त्या गेल्या. कॅमेऱ्याबद्दल जितकं बोललं जातं तितकंच त्यांच्या त्या "आता पुरे" बद्दल बोललं जावं असं मला मनापासून वाटतं. ज्या बाईला काम सोडता येतं, तिनं केलेलं काम तिचं स्वतःचं असतं.

रात्री निघताना तो मुलगा म्हणाला, "मग ताई, तोवर काय करू?" मी आतून डी९० आणला. शटर काउंट, म्हणजे आजवर काढलेल्या फोटोंचा आकडा, लाखाच्या वर गेलाय, मागचं रबर सुटलंय ते मी चिकटवलंय, पण आतून ठणठणीत आहे. ३५ ची लेन्स लावून त्याच्या हातात दिला. म्हटलं, दिवाळीपर्यंत ठेव. ७,२०० चा हप्ता आहे असं समजून दर महिन्याला तेवढे पैसे बाजूला टाक. दिवाळीत ते पैसे, माझा कॅमेरा आणि काढलेले फोटो घेऊन ये. कुठला फोटो अडला ते मला दाखव, मग आपण दोघं दुकानात जाऊ. लागला तर मोठा कॅमेरा घेऊ, रोखीनं.

येत्या मंगळवारी सकाळी दहाला त्याला गल्लीत बोलावलंय. जवारी आता चाचांचा पुतण्या काढतो. वडिलोपार्जित कानस त्याच्याकडंच आहे.