घड्याळातले 1.65 आणि मैदानावरचे 1600

भाऊ, माझ्या ‘घड्याळ घरी ठेवा’ या लिखाणावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आमच्या शाळेच्या मैदानावर तुम्ही 200 मीटरच्या आठ फेऱ्या मारल्या, सॅटेलाइटवरून अंतर मोजणाऱ्या घड्याळात 1.65 किलोमीटर आले. म्हणजे फेरीच मोठी आखली आहे, आणि सॅटेलाइटच्या जमान्यात टेप धरून बसलेला मी पोलीस भरतीच्या पोरांचं नुकसान करतो आहे, असं तुम्ही लिहिलं.

नुकसानीचा शब्द मनाला लागला. 1600 मीटरचे 20 गुण असतात, आणि कास्तकाराच्या घरातलं पोर त्यासाठी वर्षभर पहाटे उठतं. म्हणून परवा फेरी पुन्हा मोजली. आतल्या विटांच्या ओळीपासून 30 सेंटिमीटर सोडून, मापाचा नियमच तसा आहे. सरळ बाजू 60-60 मीटर. मधल्या खुंटीला टेप अडकवून वळणाची त्रिज्या धरली: 12 मीटर 73 सेंटिमीटर. दोन्ही वळणं मिळून 80 मीटर. फेरी 200चीच आहे.

मग वरचे 50 मीटर कुठले? विटांजवळ सध्या चिखल आहे, त्यामुळे सगळेच मीटरभर बाहेरून पळतात. एक मीटर बाहेरून पळालं की दर फेरीला 6.28 मीटर वाढतात, मैदान लहान असो की मोठं. आठ फेऱ्यांचे झाले 50. म्हणजे तुम्ही खरोखरच 1650 पळाला असाल! पाच मिनिटं दहा सेकंदांत 1600 मारणाऱ्या पोराचे त्यात जवळपास दहा सेकंद जातात.

तरी घड्याळाचा आकडा या हिशेबाशी जुळला, यावर मी फार विसंबणार नाही. मोकळ्या आभाळाखालीही घड्याळाने टिपलेला जागेचा प्रत्येक बिंदू काही मीटर इकडेतिकडे पडतो. घड्याळ ते बिंदू सरळ रेघांनी जोडतं, तेव्हा वळण कापलं जातं आणि सरळ बाजूवर नागमोडीने अंतर वाढतं. लहान मैदानावर वळणामागून वळण, तिथे कधी कमी कधी जास्त. मॅरेथॉनचे 42.195 किलोमीटरसुद्धा आधी ठरावीक अंतरावर तपासून घेतलेल्या सायकलने मोजतात, आणि मार्ग आखूड पडू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात.

पण ‘घड्याळ घरी ठेवा’ असं मी लिहिलं होतं, ते मागे घेतो. डांबरी रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर पळायचं असेल तर घड्याळ बांधाच, तिथे ते कामाचं आहे.

रविवारी पहाटे साडेपाचला या, भाऊ. विटांपाशी मुरूम टाकून घेतो. तुम्ही आतून पळा, पोरं टेप धरतील.